मोटारीच्या वेगाची हौस : तिचा इतिहास व तिच्यांतील पहिली पायरी

ज्याच्या हातीं मोटार आली त्या तरुणाच्या मनांत थोड्याच दिवसांनीं एक प्रश्न उभा राहतो : आहे त्या इंजिनाकडून आणखी थोडें काम करून घेतां येणार नाहीं काय? मग तो मित्रास विचारतो, कारागिरास विचारतो, दुकानदारास विचारतो. मित्र आपल्या गाडीस जें बसविलें तें सुचवितो, कारागीर आपणांस जें बसवितां येतें तें सुचवितो, आणि दुकानदार फळीवर जें पडून आहे तें सुचवितो. तुझ्या इंजिनास नेमकें कमी काय आहे, हें मात्र या तिघांपैकीं एकहि विचारीत नाहीं. हा प्रश्न नवा नव्हे. शंभर वर्षांहून अधिक काळ तो विचारला जात आहे, व त्याचीं उत्तरें लोकांनीं पैसा, श्रम आणि प्रसंगीं प्राणहि वेंचून मिळविलीं आहेत. कोणतीहि विद्या शिकूं लागणाऱ्यानें तिचा पूर्वेतिहास थोडा तरी चाळावा, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत असतों. मोटारीची विद्याहि त्यास अपवाद नाहीं.

इतिहासाकडे वळण्यापूर्वीं इंजिन म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, आणि त्याचें तत्त्व आजच्या पेट्रोलच्या गाड्यांतहि तेंच आहे. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या खालीं जाऊन हवा व इंधन यांचें मिश्रण आंत ओढतो. दुसऱ्यांत तें दाबतो. तिसऱ्यांत ठिणगी पडून पेटलेला वायु दट्ट्यास ढकलतो. चौथ्यांत जळका वायु बाहेर टाकला जातो. म्हणजे हें यंत्र मुळांत हवेचा पंप आहे. एक भार पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. पेट्रोल अधिक ओतणें सोपें. हवा अधिक आणणें कठीण. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आजवर शक्ति वाढविण्याचे जे शेंकडों उपाय निघाले ते सारे चार वर्गांत बसतात : हवा अधिक घेणें, धूर मोकळेपणानें सोडणें, आंत आलेलें मिश्रण अधिक दाबणें, आणि हें सर्व एका मिनिटांत अधिक वेळां करणें. इंजिनच मोठें करणें हा पांचवा उपाय होय. पण तो नवशिक्याचा नव्हे.

आतां इतिहास पाहूं. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९०८ च्या आक्टोबरांत 'मॉडेल टी' ही गाडी बाजारांत आणली, व १९२७ पर्यंत तशा दीड कोटींहून अधिक गाड्या केल्या. तिचें चार सिलिंडरांचें इंजिन सुमारें २.९ लिटरचें होतें. शक्ति अवघी २० अश्वशक्ति. गाडी ताशीं ४०-४५ मैलांपलीकडे जात नसे. दर दोन फेऱ्यांस एकदां श्वास, या हिशेबानें मिनिटास १६०० फेरे घेणारें हें इंजिन फार झालें तर २,३२० लिटर मिश्रण ओढील. 'फार झालें तर' म्हणण्याचें कारण असें कीं, अरुंद वाटा, लहान झडपा आणि नळ्यांचीं वळणें यांमुळें सिलिंडर कधींच पुरा भरत नसे. लुई व आर्थर शेव्रोले या बंधूंनीं या गाडीसाठीं सिलिंडरांवर बसणारें 'फ्रॉन्टेनॅक' नांवाचें निराळें हेड बनविलें. मूळ इंजिनांत झडपा सिलिंडरच्या कुशीला होत्या. नव्या हेडांत त्या सिलिंडरच्या माथ्यावर आल्या व हवेची वाट सरळ झाली. १९२३ सालीं इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतींत असें हेड बसविलेली फोर्ड एल. एल. कोरम यानें पांचव्या क्रमांकास आणली. खास शर्यतीसाठीं घडविलेल्या मौल्यवान गाड्यांच्या पंक्तीला शेतकऱ्याच्या गाडीचें इंजिन जाऊन बसलें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु याच गाडीच्या इतिहासांत एक धडा दडलेला आहे. 'मॉडेल टी'चा पायब्रेक चाकांवर नव्हे, गिअरच्या पेटींतील एका पट्ट्यावर लागत असे, आणि त्याचा परिणाम मधल्या दांड्यामार्फत केवळ मागच्या चाकांपर्यंत पोंचे. गति वाढविण्यासाठीं कित्येक लोक या पेटीमागें दुसरी गिअरची पेटी जोडीत. ही जोडपेटी मध्येंच मोकळ्या स्थितींत राहिली कीं इंजिन व चाकें यांचा संबंध तुटे, आणि त्याबरोबर पायब्रेकहि नाहींसा होई! उतारावर असा प्रसंग आला म्हणजे काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. म्हणून मागच्या चाकांवर थेट लागणारे निराळे ब्रेक बाजारांत आले, आणि जाणते लोक जोडपेटीबरोबर तेहि घेऊं लागले. वेगाचा भाग आधीं आणि थांबण्याचा भाग मागाहून, हा उलटा क्रम या हौसेच्या जन्मापासूनच तिच्या पाठीस लागला आहे.

यानंतरचें मोठें वर्ष १९३२. जगावर आर्थिक मंदीचें सावट असतांना फोर्ड यांनीं आठ सिलिंडरांचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत घातलें. तें ३.६ लिटरचें असून मिनिटास ३४०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ति देई. वरच्याच हिशेबानें हें इंजिन मिनिटास ६,१२० लिटर मिश्रण ओढूं शकतें, म्हणजे जुन्याच्या सुमारें २.६ पट, शक्ति मात्र सव्वातीन पट झाली. अधिकाचें श्रेय बव्हंशीं मिश्रण अधिक दाबण्याला आहे. पुढें या गाड्या जुन्या होऊन स्वस्तांत मिळूं लागल्या, तेव्हां कॅलिफोर्नियांतील तरुणांच्या हातीं जणूं प्रयोगशाळाच आली. खिशांत पैसा थोडा, पण हातांत हत्यारें आणि डोक्यांत जिज्ञासा! त्यांनीं गाड्यांचे पंखे, छत, जड पत्रे काढून टाकले. वजन कमी करणें हा त्यांचा पहिला उपाय, आणि त्याला खर्च कांहींच नव्हता.

या इंजिनाचे दोषहि त्यांनीं ओळखले. झडपा सिलिंडरच्या बाजूलाच होत्या. जळका वायु बाहेर जाण्याची वाट इंजिनाच्या ठोकळ्यांतून, थंड पाण्याच्या पोकळ्यांलगत जात असे. त्यामुळें पाणी तापे व इंजिन उकळे. प्रत्येक बाजूस सिलिंडर चार, पण धूर सोडण्याचीं तोंडें तीनच. मधल्या दोघांना एकाच दारानें बाहेर पडावें लागे. घर मोठें, माणसें पुष्कळ, पण दरवाजा एक, असा हा प्रकार होता. अशा घरांत आणखी पाहुणे बोलावण्यापूर्वीं दरवाजाची व्यवस्था पाहणें बरें, हें कोणासहि पटेल.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटांत म्युरॉक नांवाचें कोरडें सरोवर आहे. मैलच्या मैल सपाट, कठीण जमीन. हे तरुण तेथें जमूं लागले. १९३७ सालीं त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनीं मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली. तिच्या नांवांतच तिचें मर्म आहे : वेळ मोजणें. माझी गाडी तुझ्या गाडीहून जलद, हा वाद चौकांतल्या हॉटेलांत मिटत नाहीं. तो घड्याळापुढें मिटतो. पुढें हें मैदान लष्कराकडे गेलें व आज तेथें एडवर्ड्स हवाईतळ आहे. शर्यती एल मिराज या दुसऱ्या कोरड्या सरोवरावर गेल्या. परंतु घड्याळाची संवय मात्र सुटली नाहीं, आणि आमच्या मतें या सर्व चळवळीचें शास्त्रांत रूपांतर करणारी गोष्ट हीच होय. एक भाग बदलावा, एक धांव घ्यावी, आंकडा टिपावा. मग दुसरा भाग बदलावा. प्रयोगशाळेंतील विद्यार्थ्यास आम्ही याहून निराळें काय शिकवितों?

या घड्याळाच्या कसोटीवर नवे कारागीर तयार झाले. एड विन्फील्ड यानें कार्ब्युरेटर व कॅमशाफ्ट सुधारले. व्हिक एडेलब्रॉक यानें आपल्या १९३२ च्या फोर्डसाठीं दोन कार्ब्युरेटर बसतील अशी हवा वांटणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, तयार केली, आणि त्या एका नळींतून पुढें मोठा कारखाना उभा राहिला. एड इस्केंडेरियन याच्या कॅमशाफ्टांनीं झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघड्या ठेवल्या. झोरा आर्कस-डंटॉव्ह व त्याचा भाऊ यांनीं १९४७ च्या सुमारास 'आर्डन' हें अॅल्युमिनियमचें हेड काढून या इंजिनाच्याहि झडपा माथ्यावर नेल्या. पण तें महाग पडे, म्हणून थोडेच लोक तें घेऊं शकले. स्टुअर्ट हिलबर्न यानें कार्ब्युरेटर टाकून देऊन इंधन थेट फवारण्याची योजना केली, व १९४८ सालीं कोरड्या सरोवरावर ताशीं १५० मैलांची मर्यादा प्रथम ओलांडली. त्याच वर्षाच्या जानेवारींत रॉबर्ट पीटरसन व त्याचा सहकारी यांनीं 'हॉट रॉड' हें मासिक सुरू केलें, आणि खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत ही विद्या पोंचली.

या यादीवरून नवशिक्या वाचक असा समज करून घेईल कीं, हें सर्व एकेक करून विकत घेतलें कीं शक्तीची बेरीज होत जाईल. तसें होत नाहीं. अडचण एका जागेहून दुसऱ्या जागीं सरकत जाते. कार्ब्युरेटर दोन केले तरी झडप लहानच असेल तर दुसरा कार्ब्युरेटर शोभेचा. झडप अधिक वेळ उघडी ठेवली तरी धुराची वाट कोंडलेली असेल तर नवी हवा येणार कोठून? धूर मोकळा केला आणि शक्ति वाढली कीं उष्णता वाढते, व रेडिएटर पुरेनासा होतो. शिवाय शर्यतीचा कॅमशाफ्ट वरच्या फेऱ्यांना जें देतो तें खालच्या फेऱ्यांतून काढून घेतो. सरोवरावर भरधांव जाणारें इंजिन बाजारपेठेंतून हळू चालतांना धडधडतें व बंद पडतें. तेव्हां कोणता भाग उत्तम, हा प्रश्नच चुकीचा आहे. या क्षणीं, या इंजिनांत, या कामासाठीं अडतें कोठें, हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर न शोधतां खर्च करणारास 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आठवून देण्यावांचून दुसरें काय करावें?

यास एक मोठा पुरावा कारखान्यांतूनच मिळाला. १९५५ सालीं शेव्रोले कंपनीनें माथ्यावर झडपा असलेलें आठ सिलिंडरांचें नवें इंजिन काढलें. १९३२ च्या फोर्डचा आकार २२१ घनइंच, याचा २६५. म्हणजे वाढ फक्त एकपंचमांश. पण शक्ति ६५ च्या जागीं १६२ अश्वशक्ति, अडीच पट! जें साधण्यासाठीं मागील पिढीनें अनेक रात्री जागून काढल्या होत्या, तें आतां दुकानांत तयार मिळूं लागलें. मूळ रचनाच चांगली असलेलें इंजिन निवडणें ही देखील एक सुधारणाच आहे, आणि पुष्कळदां ती सर्वांत स्वस्त पडते.

आतां या इतिहासाच्या काळ्या बाजूकडे वळलें पाहिजे. मिश्रण अधिक दाबलें म्हणजे शक्ति वाढते खरी. पण एका मर्यादेपलीकडे तें ठिणगीच्या अपेक्षेपेक्षां भलत्याच रीतीनें पेटतें व इंजिनांत ठोके ऐकूं येतात. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यानें या ठोक्यांचा सूक्ष्म अभ्यास केला. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यास १९२१ च्या डिसेंबरांत आढळून आलें कीं, पेट्रोलांत शिशाचें एक संयुग किंचित् मिसळलें असतां हे ठोके थांबतात. १९२३ च्या फेब्रुवारींत तें पेट्रोल विकण्यास आलें, आणि वर सांगितलेल्या त्याच १९२३ च्या शर्यतींत पहिल्या तीन गाड्यांनीं तें वापरलें. दुसऱ्याच वर्षीं न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यांत शिशाच्या विषबाधेनें पांच कामगार दगावले. तरीहि तें पेट्रोल पुढें जगभर पसरलें. आपल्या देशांत तें २००० सालीं बंद झालें, आणि जगांतील शेवटचा देश अल्जीरिया यानें तें २०२१ सालीं सोडलें. सारें शतक रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या मुलांनीं तें शिसें श्वासावाटे घेतलें. शर्यतीशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता.

हीच गोष्ट धुराची. ज्या लॉस एंजेलिसच्या तरुणांनीं ही विद्या वाढविली, त्याच शहरावर १९४३ पासून डोळे झोंबविणारें धुकें उतरूं लागलें. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें कीं, मोटारींतून निघणारीं वाफारे व नत्रवायूचीं संयुगें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें धुकें तयार होतें. १९६७ सालीं कॅलिफोर्नियानें हवेच्या शुद्धतेसाठीं मंडळ स्थापिलें, व हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ सालच्या अमेरिकन गाड्यांपासून धूर शुद्ध करणारें यंत्र नळीवर आलें. आज त्या संस्थानांत इंजिनाच्या धुरावर परिणाम करणारा भाग रस्त्यावरील गाडीस बसवावयाचा तर त्यास मंडळाची अनुमति असावी लागते. पूर्वीच्या तरुणास आपली गाडी केवळ आपली वाटे. ती सोडते ती हवा मात्र सर्वांची असते, हें समाजास उशिरां कळलें.

रस्त्यावरील अपघातांविषयींहि असेंच झालें. युद्धानंतर शर्यती भर रस्त्यांत होऊं लागल्या, वर्तमानपत्रें संतापलीं आणि 'हॉट रॉड' हा शब्दच शिवीसारखा झाला. तेव्हां वॉली पार्क्स यानें १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तरुणांस दटावून घरीं बसविण्याऐवजीं त्यांस निराळी जागा, नियम आणि तपासनीस द्यावे, हा तिचा मार्ग. १९५३ सालीं पोमोना येथें जत्रेच्या मैदानावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, आणि पुढील वर्षीं तिचे कार्यकर्ते देशभर फिरून गांवोगांवच्या लोकांस सुरक्षित शर्यत कशी भरवावी हें शिकवूं लागले. गाडी धांवण्यापूर्वीं तिचे ब्रेक, चाकें व सुकाणूं पाहिलें जाई. ज्या गाडीचे ब्रेक नीट नाहींत ती कितीहि जलद असो, तिला रेषेवर उभें राहतां येत नसे. आमच्या समजुतीप्रमाणें या संपूर्ण इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचा नियम हाच होय.

इतक्या विवेचनानंतर आजच्या नवशिक्यास काय सांगावें? पहिली गोष्ट ही कीं, सुधारणेपूर्वीं दुरुस्ती. पुष्कळ गाड्यांत मूळची शक्तिच हरवलेली असते. हवेची गाळणी, स्पार्क प्लग, तेल, थंड पाण्याची व्यवस्था, प्रत्येक सिलिंडरांतील दाब, हें तपासून घेतलें तर गेलेलें परत मिळतें व खर्च अल्प येतो. दुसरी गोष्ट, टायर व ब्रेक. ताशीं ४० मैलांच्या ऐवजीं ६० मैलांनीं धांवणारी गाडी त्याच ब्रेकांवर थांबण्यास दीडपट नव्हे, सव्वादोनपट अंतर घेते. कारण गाडीच्या अंगचा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. हें गणित कोणत्याहि हौसेपुढें नमत नाहीं.

तिसरी गोष्ट, आपलें इंजिन कोणत्या जातीचें आहे हें ओळखावें. स्वतःच्या श्वासावर चालणाऱ्या आजच्या इंजिनांत इंधन संगणक मोजून देतो व वाटा कारखान्यानेंच विचारपूर्वक आंखलेल्या असतात. तेथें नुसती गाळणी किंवा सायलेन्सर बदलून आवाज पुष्कळ वाढतो, शक्ति नांवापुरती. आवाज म्हणजे शक्ति नव्हे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें, आणि शेजाऱ्यांच्या झोंपेचाहि थोडा विचार करावा. उलट ज्या इंजिनांत टर्बोचार्जर हवा कोंबून भरतो, त्यांत संगणकाची आज्ञा बदलून दाब वाढवितां येतो व फरक स्पष्ट जाणवतो. पण त्याबरोबर ठोक्यांचा धोका, उष्णता, क्लच व गिअर यांवरील ताण हीं सर्व वाढतात, आणि कारखान्याची हमी बहुधा जाते. चौथी गोष्ट, एका वेळीं एकच भाग बदलावा व फरक मोजावा. आज त्यासाठीं वाळवंटांत जावें लागत नाहीं, चाकांवरील शक्ति मोजणारीं यंत्रें शहरांतहि असतात. पांचवी गोष्ट कायद्याची. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशीलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें स्पष्ट केलें. तेव्हां कांहीं बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणें हाच शहाणपणा.

घरांतील वडील मंडळींस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, मुलाच्या या हौसेस एकदम उडाणटप्पूपणा म्हणूं नये. एडेलब्रॉक, हिलबर्न, आर्कस-डंटॉव्ह यांनीं याच हौसेंतून यंत्रशास्त्रांत भर घातली. आर्कस-डंटॉव्ह तर पुढें शेव्रोले कंपनींतच नामांकित इंजिनियर झाला. मुलगा पैसे मागूं लागला तर त्याला दोन प्रश्न विचारावे : तुझ्या इंजिनांत अडतें कोठें, आणि तें तूं मोजलेंस कसें? दोन्हींचें उत्तर त्याला देतां आलें तर त्यास अवश्य साह्य करावें. मात्र पहिली रक्कम ब्रेक आणि टायर यांवर खर्चण्याची अट घालावी.